वृद्धांचे धन आणि अभयदान

काशीस जाऊन देह ठेवावा, असा संकल्प करणारे वृद्ध महाराष्ट्रात आजही आहेत. ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या बाजूच्या गल्ल्यांतून मराठी बोली पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. अस्सीजवळच्या मुमुक्षु भवनात तर नाना प्रांतांतील वृद्ध नामस्मरण करीत अखेरच्या घटकेची वाट पाहत असतात. त्यांतील काहींनी क्षेत्रसंन्यास घेतलेला असतो, म्हणजे क्षेत्राची सीमा पुन्हा ओलांडावयाची नाही असे व्रत धरलेले असते. व्रत थोर आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या पाठोपाठ एक व्यावहारिक अडचण येते, तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. गावी शेत असते, घर असते, आणि स्वतः जाऊन पाहणे तर व्रतामुळे खुंटलेले. मग कोणास तरी मुखत्यारपत्र लिहून द्यावे लागते. कागद परभाषेत, अक्षर बारीक, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि समोरचा मनुष्य गोड शब्दांत म्हणतो, “आजी, एवढी येथे सही करा, म्हणजे तुम्ही जपाला मोकळ्या.” मुखत्यारपत्र समजून केलेली ती सही पुढे बक्षीसपत्रावर निघाली, तर त्या माउलीने काशीतून कोणाचे दार ठोठवावे?

अशा वेळी सांत्वन करणारे पुष्कळ भेटतात. “माया होती, गेली, देवाने पाश तोडला,” असे ते सांगतात, आणि दाखला देतात भिक्षुगीतेचा. हा दाखला नीट पाहिला पाहिजे. भागवताच्या एकादश स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात ही कथा आहे, आणि ज्या एकादश स्कंधावर श्रीएकनाथमहाराजांनी टीका लिहिली, ती टीका १५७३ साली काशीतच पूर्ण झाली. अवंती नगरीतील तो ब्राह्मण मोठा धनलोभी होता. त्याचे धन काही आप्तांनी नेले, काही चोरांनी, काही काळाने. आणि तेव्हा त्यास वैराग्य आले. पण ते वैराग्य त्याचे स्वतःचे होते, ते कोणी त्याच्यावर लादले नव्हते. धन नेणाऱ्यांना त्यामुळे पुण्य लागले, असेही कथा कोठे म्हणत नाही. स्वतःच्या नुकसानीतून वैराग्य शिकणे ही साधना होय; दुसऱ्याच्या नुकसानीवर वैराग्याचा उपदेश करणे हा मात्र बहुधा आळस असतो.

आता तर ठक दारापर्यंतही येत नाही. दूरध्वनी वाजतो. पलीकडचा मनुष्य स्वतःस पोलीस अधिकारी म्हणवितो, चित्रफितीत गणवेश दाखवितो, “तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला घरातच अटक केली आहे,” असे बजावतो. यास ‘डिजिटल अटक’ असे नाव पडले आहे. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सर्व देशास सांगितले. तरीही २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्यास न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुबाडल्याचे समोर आले, आणि सर्वोच्च न्यायालयास त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. लुटले गेलेले हे लोक अडाणी असतात असे नाही. जन्मभर कायद्यास मान देणारा मनुष्यच खोट्या कायद्यास लवकर भितो.

भगवंतांनी सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती मोजताना अभयास पहिले स्थान दिले, त्याचे मर्म येथे कळते. भय शिरले की विवेक बाहेर पडतो. ठक नेमके तेच जाणतो. तो तीन गोष्टी सांगितल्यावाचून राहत नाही: आत्ताच करा, कोणास सांगू नका, फोन ठेवू नका. याच्या शेजारी कुरुक्षेत्र ठेवून पाहावे. अर्जुनही भयाने व शोकाने गळून गेला होता, दोन्ही सैन्ये सज्ज होती, वेळ थोडा होता. तरी भगवंतांनी त्याचा प्रत्येक प्रश्न ऐकला. चौथ्या अध्यायात तर ज्ञान मिळविण्यासाठी प्रश्न विचारणे हे साधनच ठरविले, आणि अठराव्यात सर्व सांगून झाल्यावर, याचा पुरता विचार कर व मग इच्छेस येईल तसे कर, अशी मोकळीक दिली. साक्षात ईश्वर ज्यास विचारास अवधी देतो, त्यास तो अवधी नाकारणारा अधिकारी कोण?

काही वृद्ध म्हणतात, “पण शब्द देऊन बसलो.” हरिश्चंद्राच्या नगरीत हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हरिश्चंद्राने शब्द जाणून दिला होता. याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय बळाने वा कपटाने घडवून आणलेला व्यवहार मानीत नाही. भ्यालेल्याचा व आर्ताचा व्यवहारही तो सिद्ध धरीत नाही. आजचा कायदाही याच वाटेने जातो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचे २३ वे कलम असे की, सांभाळ करीन या अटीवर मालमत्ता घेतली आणि मग सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण कपटानेच झाले असे समजून न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मातेचे बक्षीसपत्र याच आधारे रद्द ठरविले. मात्र ती अट कागदावर लिहून घेतलेली असावी. मायेच्या भरात हेच राहून जाते.

फसवणूक कळताच १९३० या क्रमांकावर कळविले, तर पैसा वाटेतच अडविण्याची आशा असते. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. पण कळवावयाचे कोणी? पैसे गेल्यावर वृद्ध पुष्कळदा चोरापेक्षा मुलास अधिक भितात. “एवढेही कळले नाही?” हा प्रश्न त्यांना आधीच ऐकू येत असतो, म्हणून दोन दोन दिवस ते गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसा दहा खात्यांतून फिरून नाहीसा होतो. दानांत अभयदान श्रेष्ठ म्हणतात; ते मुलाने संकटापूर्वीच देऊन ठेवावयाचे असते. पुण्याहून वा नागपूरहून रोज सायंकाळी काशीस फोन करावा, आई जेवली का ते विचारावे, आज कोणाचा फोन आला होता तेही विचारावे, आणि तिने चुकून काही सांगितलेच, तर आधी पूर्ण ऐकून घ्यावे.