नावं आणि वेळ

हार्ड रॉकमधले मुरलेले वादक एकत्र आले, की त्या बँडला ‘सुपरग्रुप’ म्हणतात. अशा बँडचा पहिला अल्बम खपायला नावं पुरतात. ‘व्हेल्वेट रिव्हॉल्व्हर’चा ‘कॉन्ट्राबँड’ 2004 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला, त्यामागे ‘गन्स एन रोझेस’मधून आलेल्या तिघांची पुण्याई होती. खरी परीक्षा पुढेच असते.

‘ब्लॅक कंट्री कम्युनियन’चं बघा. एकेकाळी ‘डीप पर्पल’मध्ये गाणारा, बेस वाजवणारा ग्लेन ह्यूज, ब्लूज गिटारवादक जो बोनामासा, ‘लेड झेपलिन’च्या जॉन बॉनमचा ड्रमर मुलगा जेसन आणि ‘ड्रीम थिएटर’चा माजी कीबोर्डवादक डेरेक शेरिनियन. 2010 ते 2012 या काळात वर्षाला एक असे तीन अल्बम आले आणि 2013 मध्ये बोनामासा बाहेर पडला. ठिणगी पडली ती दौऱ्यांवरून. ह्यूजला बँड घेऊन जग फिरायचं होतं, बोनामासाचं स्वतःचं वेळापत्रक खच्चून भरलेलं होतं. चौथा अल्बम यायला 2017 उजाडलं, पाचव्याला 2024.

नवख्या पोरांच्या बँडला एकमेकांवाचून गत्यंतर नसतं. त्या नाइलाजात भांडणं होतात, मिटतात आणि त्यातूनच एक सामाईक आवाज घडतो. दिग्गजांना हा नाइलाज नसतो. त्यांच्याकडे कसब भरपूर असतं, तुटवडा असतो तो वेळेचा. ‘चिकनफूट’ या आणखी एका सुपरग्रुपचा दुसरा अल्बम 2011 मध्ये आला, तेव्हा ड्रमर चॅड स्मिथ ‘रेड हॉट चिली पेपर्स’मध्ये गुंतलेला होता, दौऱ्यावर केनी अरॉनॉफला बसवावं लागलं.

म्हणून सुपरग्रुपला फावल्या वेळचा उद्योग म्हणून हिणवतात. मला हे अर्धंच पटतं. नामवंत जुने बँड अनेकदा नावाच्या बाजारभावामुळे टिकतात. आतला जिव्हाळा आटला तरी तिकिटं खपतात. सुपरग्रुपवर तसं बंधन नसतं. पहिल्या अल्बमचं कुतूहल ओसरल्यावर असा बँड सहज मोडता येतो आणि कुणाचं पोट अडत नाही. तरीही माणसं परत येतात, तेव्हा एकत्र वाजवण्याची ओढ हे कारण मानायला जागा राहते.

‘ब्लॅक कंट्री कम्युनियन’च्या पहिल्या अल्बमच्या वेळी ह्यूज 59 वर्षांचा होता, पाचव्याच्या वेळी 72 वर्षांचा. त्या वयात दिलेले महिने ही नावापेक्षा मोठी गुंतवणूक आहे. सुपरग्रुप जोखायचा तर पहिला अल्बम बाजूला ठेवावा आणि पुढचे ऐकावेत.