घुसखोरीची पावती

नाताळात थीम पार्कला जायचं म्हणजे खरं तर रांगेत उभं राहायला जायचं आणि मधेमधे राइडमध्ये बसायचं. फलकावर ‘प्रतीक्षा ९० मिनिटे’ लिहिलेलं असतं, राइड दोन-अडीच मिनिटांची असते, आणि तरीही माणसं जातात. जाणार नाहीत तर काय करतील? मराठी शाळांना बहुधा नाताळची एकच सुट्टी. पण इंग्रजी माध्यमाला आठवडा-दहा दिवस मिळतात. आईबापांची रजाही त्यातच बसवायची. मग २५ डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत अख्खा मध्यमवर्ग एकाच वेळी मुलांना घेऊन बाहेर पडतो. खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जे चित्र, तेच फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडमला. फक्त तिथे आकडे मोठे. तिथलं एका दिवसाचं तिकीट २०१६ पासून तारखेनुसार बदलतं आणि नाताळच्या आठवड्यात दोनशे डॉलरच्या आसपास जातं. म्हणजे गर्दी सर्वांत जास्त, वाट्याला येणाऱ्या राइड सर्वांत कमी, आणि पैसे सर्वांत जास्त. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एसटीनेही दिवाळीत भाडं वाढवलेलं आहे.

माझा प्रश्न दाराच्या आतला आहे.

अशा रांगेत आपण सगळे कधी ना कधी उभे राहिलोय. स्टीलच्या नळ्यांमधून नागमोडी पुढे सरकायचं, लहानगं बाबांच्या खांद्यावर, थोरलं नळीवर लोंबकळतंय, कुणीतरी पर्समध्ये लपवून आणलेल्या वेफर्सचं पाकीट हळूच फोडतंय. आणि तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘‘जरा जाऊ द्या हो, आमचा माणूस पुढे आहे!’’ माणूस एक, त्याच्यामागून येणारे आठ. वाकून, अंग चोरून, कुणाच्याही डोळ्यांत न बघता ते पुढे जातात. मागचे काका ओरडतात, ‘‘आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत का?’’ बाचाबाची होते. कधी आठातले चार ओशाळून मागे फिरतात, बहुतेक वेळा फिरत नाहीत. पण त्या आठ जणांना आपण काहीतरी चुकीचं करतोय हे ठाऊक असतं. अंग चोरतात ते त्यामुळेच.

आता शेजारची दुसरी वाट बघा. तिथेही लोक आपल्याला मागे टाकून पुढे जातात. पण ताठ मानेने. त्यांच्या हातात जादा पैसे मोजून घेतलेलं एक्सप्रेसचं तिकीट असतं, दारातला मुलगा हसून ‘वेलकम’ म्हणतो, आणि ओरडणारे काका आता गप्प असतात. आपल्या वेळेचं व्हायचं ते नुकसान दोन्हीकडे सारखंच झालं. फरक एवढाच की दुसऱ्या घुसखोरीची पावती फाटलेली आहे.

डिस्नेची गोष्ट इथे मुळातून बघण्यासारखी आहे, कारण त्यांनी सुरुवात चांगली केली होती. १९९९ मध्ये त्यांनी ‘फास्टपास’ आणला, तो फुकट. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर वेळ छापलेली असे, तोवर बाकीचं बघून यायचं. चिठ्ठी करोडपतीलाही तशीच मिळे आणि चार वर्षं पैसे साठवून आलेल्या ट्रकड्रायव्हरलाही. पुढे महामारीत पार्क बंद झाले, आणि २०२१ मध्ये फास्टपास कायमचा गेला. त्याच्या जागी जी सोय आली ती विकत होती, माणशी पंधरा डॉलरपासून. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ‘प्रीमियर पास’ आला: वेळ ठरवायची गरज नाही, हव्या त्या वेळी जलद रांगेतून प्रत्येक राइडला एकदा आत. मॅजिक किंगडमला नाताळच्या आठवड्यात त्याची किंमत माणशी ४४९ डॉलर ठेवली, तीही प्रवेशाच्या तिकिटाव्यतिरिक्त. फुकट होतं तेव्हा ती सोय होती. विकायला काढल्यावर तिचं गिऱ्हाईक मिळायला साधी रांग पुरेशी कंटाळवाणी असणं मालकाच्या फायद्याचं झालं. या धंद्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच.

‘ज्याला परवडतं त्याने घेतलं, तुमचं काय गेलं?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब मांडतो. समजा, एक राइड तासाला हजार माणसं बसवते आणि रांगेत तुमच्यापुढे नऊशे आहेत. तुमचा नंबर चोपन्न मिनिटांत यायला हवा. आता दर हजारातल्या चारशे जागा एक्सप्रेसवाल्यांना दिल्या. तुमच्या रांगेला उरल्या सहाशे. तेच नऊशे लोक संपायला आता दीड तास लागेल. राइडला एकही खुर्ची वाढलेली नाही. म्हणजे विकला गेला तो तुमचा वेळ. पैसे मात्र पार्कने घेतले. विमानातल्या बिझनेस क्लासशी याची तुलना करतात, ती मला पटत नाही. तिथे पुढच्या माणसाला रुंद खुर्ची मिळते, पण विमान दोघांनाही एकाच वेळी दिल्लीला पोचवतं.

अर्थशास्त्री म्हणतात, जास्त पैसे मोजणाऱ्याला त्या राइडचं मोल जास्त वाटतं, म्हणून जागा त्याच्याकडे जाणं योग्य. मायकेल सँडेल यांच्या ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या २०१२ च्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच रांग ओलांडण्यावर आहे, आणि या युक्तिवादातली खोच त्यांनी नेमकी पकडली आहे: खिशातून किती निघतं यावरून माणसाला किती हवंय हे कळत नाही. आयुष्यात एकदाच आलेल्या पोराची हौस दरवर्षी येणाऱ्यापेक्षा कमी कशी म्हणायची?

आणि वेळ विकत घ्यायला माणसं कुठवर जातात, त्याचाही दाखला आहे. अपंग पाहुण्यांना रांगेत ताटकळावं लागू नये म्हणून डिस्नेने एक कार्ड ठेवलं होतं. मे २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने बातमी दिली की मॅनहॅटनमधल्या काही श्रीमंत आया तासाला १३० डॉलर देऊन अपंग ‘गाइड’ सोबत घेतात, म्हणजे सगळं कुटुंब पुढे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने नियम बदलले. त्या आयांचं फारसं काही बिघडलं नाही, त्यांना दुसरे मार्ग होते. बिघडलं ते ऑटिस्टिक मुलांच्या घरांचं. त्यातल्या काही पालकांना कोर्टात जावं लागलं. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले गेले.

अमेरिकेला नावं ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. इमॅजिकातही एक्सप्रेस तिकीट विकत मिळतं. आणि करमणुकीचं सोडा, त्र्यंबकेश्वरला दोनशे रुपयांचं देणगी दर्शन आहे, तिरुपतीला तीनशेचं. देवाच्या दारात जे चालतं त्यावर रोलर कोस्टरच्या दारात काय बोलणार? पण आपल्याकडे उलटा दाखलाही आहे. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या बरोबरीने शासकीय महापूजेला बसण्याचा मान दर्शनबारीत उभ्या असलेल्या एका वारकरी जोडप्याला मिळतो. तिथे तिष्ठत उभं राहण्यालाच मान आहे.

पास घेणाऱ्याला मी अपराधी ठरवणार नाही. सोबत सत्तरीची आजी असेल, उद्या सकाळी परतायचं असेल, तर माणूस घेतो. पण मूल विचारतं, ‘‘बाबा, आपण त्यांच्या पुढे कसे आलो?’’ आणि आपण ऐटीत सांगतो, ‘‘आपण व्हीआयपी आहोत.’’ हे उत्तर वाईट आहे. ‘‘आपण पैसे दिले, म्हणून ते लोक जास्त वेळ थांबले,’’ हे खरं उत्तर आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाला ते नीट कळतं. आणखी एक. दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथे वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा दिवसभर साखळी धरून उभा असतो. या वाटेचे किती आणि त्या वाटेचे किती सोडायचे हे त्याने ठरवलेलं नाही, पण शिव्या त्यालाच पडतात. निदान त्याच्यावर डाफरू नका.

पार्कवाल्यांकडे मागणी एकच आहे, आणि तिला खर्च शून्य आहे. प्रत्येक राइडच्या दारात प्रतीक्षेच्या मिनिटांखाली आणखी एक ओळ लिहा: दर शंभर जागांमधल्या किती एक्सप्रेससाठी राखल्या आहेत. ती ओळ वाचून ज्याला उभं राहायचं तो राहील. नाताळच्या आठवड्यात जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी खिडकीवर हा आकडा विचारा.