गावाला ग्रामसभा, शहराला काय?

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात मतदार यादीत नाव असले की माणूस ग्रामसभेचा सभासद होतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यांच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव बसवायचे, पाण्याच्या टाकीचा खर्च कुठे गेला, हे तिथे उभे राहून विचारता येते. सगळ्याच ग्रामसभा अशा चालतात असे नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने मूठभरांत ठराव उरकायचे, हा प्रकार सर्रास चालतो. तरीही विचारण्याची जागा ठरलेली आहे, हे थोडके नव्हे.

या जागेचा उपयोग गावाने मनावर घेतला तर काय होते, हे परतवाड्याजवळच्या पायविहीरने दाखवले. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला १९२ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. जंगल उजाड होते. ग्रामसभेने चराई आणि वृक्षतोडीवर स्वतःच निर्बंध घातले, रोजगार हमीतून झाडे लावली, राखणीची पाळी वाटून घेतली. वनखात्याचा पहारा जे करू शकला नव्हता ते गावाच्या ठरावाने केले, कारण निर्बंध ज्यांनी घातले त्यांनाच ते पाळायचे होते. पुढे इथले सीताफळ मुंबईच्या बाजारात गेले आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला. आसपासच्या नयाखेडा, उपातखेडा या गावांनीही हीच वाट धरली.

शहरात मात्र ही वाट बंद होते. २०१६ मध्ये अकोला महापालिकेची हद्द वाढली आणि शिवणी, शिवर, खडकी, मलकापूर, उमरी ही गावे शहरात आली. घर तेच, नाली तीच, रस्ताही तोच राहिला; पण इथल्या माणसाची ग्रामसभा एका अधिसूचनेने गेली. तिच्या जागी त्याला काय मिळाले? हद्दवाढीनंतर मालमत्ता कराच्या फेरमूल्यांकनावरून शहरभर वाद पेटला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. कर वाढण्याआधी लोकांसमोर हिशेब मांडायला वस्तीपातळीवर एकही सभा नव्हती.

कायद्यात सोय नाही असे म्हणता येत नाही. १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या ६,४७,०५७ आणि अकोल्याची ४,२५,८१७ होती, म्हणजे दोन्ही शहरे त्यात बसतात. पण महाराष्ट्रातली प्रभाग समिती मुख्यतः नगरसेवकांची. सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य तिच्यावर घेता येतात. अमरावतीच्या पाच झोनमध्ये लोकसंख्या वाटली तर एका झोनच्या वाट्याला सव्वा लाखाहून अधिक माणसे येतात. एवढ्या मोठ्या घटकाला वस्ती म्हणता येणार नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्रांच्या आसपासच्या सर्व मतदारांची ही सभा शहराची ग्रामसभा ठरू शकली असती. ती कागदावरच राहिली.

त्यात बहुसदस्यीय प्रभागांची भर पडली. २०१७ मध्ये अमरावतीत २२ प्रभागांतून ८७ आणि अकोल्यात २० प्रभागांतून ८० नगरसेवक निवडले गेले. एका प्रभागाला चार नगरसेवक असले की पथदिव्याची तक्रार घेऊन गेलेला माणूस एकाकडून दुसऱ्याकडे पाठवला जातो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षे दोन्ही महापालिकांचा कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात हे चारही दरवाजे बंद झाले.

निर्णय लोकांकडे असायला हवा याचे सर्वांत सरळ उदाहरण ले-आऊटमधल्या खुल्या जागेचे आहे. दोन्ही शहरांत शेतांवर ले-आऊट पडतात आणि मंजुरीच्या नकाशात खुली जागा सोडलेली असते. तिथे बगीचा हवा, मुलांना मैदान हवे की समाजमंदिर, हे ठरवायला अभियंता लागत नाही. समोर राहणारी माणसे लागतात. त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून ती जागा वर्षानुवर्षे काटेरी झुडपांत पडून राहते किंवा कोणीतरी बळकावतो. भांडण सुरू होते ते त्यानंतर.

पुण्यात २००६ पासून महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. पदपथ, दिवे, बाके अशी छोटी कामे त्यातून सुचवली जातात. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये याच दिशेने सुरुवात केली होती. पुण्याची पद्धत मात्र अर्जावर थांबते: माणूस अर्ज देतो आणि निवड कार्यालय करते. शेजाऱ्यासमोर आपली मागणी मांडावी, त्याची ऐकावी आणि पैसा एकाच कामाला पुरणार असेल तर दोघांनी मिळून ठरवावे, हे सभेतच घडते.

अमरावती आणि अकोल्यात यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. अंदाजपत्रकाआधी क्षेत्रसभा भरवावी, मागच्या वर्षीच्या कामांचा हिशेब तिथे वाचावा, ठराव झोन कार्यालयाच्या फलकावर लावावेत. नगरसेवकांनी पहिल्या सभेची तारीख जाहीर करावी, आणि ती होत नसेल तर नागरिकांनी लेखी मागावी.