सुजाताने रक्त का द्यावे?

बिमल रॉय यांचा १९५९ चा ‘सुजाता’ तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. ब्राह्मण कुटुंबात वाढलेल्या अस्पृश्य मुलीवर ब्राह्मण तरुण अधीर प्रेम करतो. नूतनचे काम अप्रतिम, यात वाद नाही. पण पालनकर्ती चारू तिला ‘माझी मुलगी’ कधी मानते? स्वतः जिन्यावरून पडल्यावर सुजाताचे रक्त घेऊन जगते, तेव्हा! अधीरला मात्र माणूस ठरण्यासाठी थेंबभरही द्यावे लागत नाही. याच चित्रपटात रवींद्रनाथांच्या ‘चंडालिके’चा प्रयोग आहे. त्या कथेत भिक्खू आनंद प्रकृतीकडे फक्त पाणी मागतो, तिची परीक्षा घेत नाही. उद्या तुमच्या मुलाने दुसऱ्या पोटजातीची मुलगी पसंत केली, तर तिच्याकडे तुम्ही काय मागाल?