हातभर जागा

घर आपले असणे आणि घरात आपली जागा असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कळावयास मला साठी ओलांडावी लागली. गिरगावातली चाळीतली जागा सोडून आम्ही नवराबायको सुकापूरला राहावयास आलो, त्या वेळची ही गोष्ट. पनवेलहून नेऱ्याकडे, माथेरानच्या डोंगराच्या रोखाने जो रस्ता जातो, त्याच्या कडेचे हे गाव. गाव म्हणावयाचे ते जुन्या माणसांनी. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे शेजारी नवीन पनवेल वसले, आणि सुकापूरच्या भातखाचरांतून इमारती उगवल्या. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, पाऊस उघडला की, प्रबळगडाचा माथा दिसतो. त्या खिडकीपाशी आपला एक कोपरा करावयाचा, असे मी ठरविले.

तिथे अगोदरच एक वस्तू होती. हिचे शिवणाचे मशीन. उजेडासाठी तिने ते सामान उतरविल्या दिवशीच तिथे लावून घेतले होते. मी म्हटले, "हे जरा आत सरकवू या का?" ती म्हणाली, "सरकवा की." मशीन स्वयंपाकघरात मोरीजवळ गेले. खिडकीशी माझी वेताची खुर्ची आली, एक फळी आली, फळीवर वडिलांची पितळी दौत, दांडी मोडलेला जुना चष्मा आणि गाढी नदीच्या पात्रातून उचललेला एक गुळगुळीत दगड आला. आठ दिवसांत त्या कोपऱ्याला माझा चेहरा आला. मी त्यावर खूष होतो.

हल्ली दुकानांतून असे कोपरे तयार मिळतात. दिवा, कुंडी, उशी, सगळे एकमेकांना शोभेल असे. माझी तक्रार किमतीबद्दल नाही. पण कोपऱ्याला स्वभाव येतो तो शोभणाऱ्या वस्तूंनी नव्हे. ज्या वस्तू घरातल्या इतर कोणीही रद्दीवाल्याला देऊन टाकील आणि ज्यांचे समर्थन आपल्यालाही धड करता येणार नाही, अशा वस्तूंनी तो येतो. म्हणजेच कोपरा खरोखर कशाचा बनतो? घरातल्या दुसऱ्या माणसांच्या संयमाचा. मोडका चष्मा फळीवर राहतो, कारण कोणीतरी तो झाडताना उचलते आणि पुसून पुन्हा तिथेच ठेवते.

कोकणातल्या आमच्या जुन्या घरात ओटी होती, माजघर होते, पडवी होती. ओटीवरचा झोपाळा पुरुषांचा, माजघर बायकांचे, अशी वाटणी. वाटणी दिसावयास चोख, पण झोपाळा विश्रांतीचा आणि माजघर कामाचे, हे तिच्यात लपून जाई. आईची अशी जागा एकच होती. चुलीशेजारच्या भिंतीतला हातभर कोनाडा. त्यात तेलाच्या दिव्यामागे पत्र्याची एक डबी असे. तिला कोणी हात लावीत नसे. मातीच्या भिंती हातभर जाड होत्या म्हणून कोनाडा शक्य होता. आता चार-सहा इंचांच्या भिंतीत कोनाडा कोरू म्हटले तर शेजाऱ्याच्या घरात उघडेल.

आणि मुंबईत तर भिंतींचाच प्रश्न नव्हता. बीडीडी चाळी १९२०नंतरच्या काळात उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. तीत आठ-दहा माणसे. अशा ठिकाणी कोपरा मागणे ही चैन नव्हे काय? मला फार दिवस तसेच वाटे. पण बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतली हकीकत आठवली की मी थबकतो. परळच्या डबक चाळीत सारे कुटुंब एका खोलीत राही. अभ्यासाला जागा नाही, शांतताही नाही. रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः जागे राहत, रात्री दोन वाजता त्याला उठवीत, आणि मग आपण आडवे होत. खोलीत न मिळालेला कोपरा त्या बापाने रात्रीतून काढून दिला. तो रिकामा पडलेला नव्हता; त्यासाठी कोणीतरी झोप मोडून घेतली होती. पुढे त्याच विद्यार्थ्याने दादरला 'राजगृह' बांधले, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून.

व्हर्जिनिया वूल्फने १९२९ साली लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतंत्र खोली आणि थोडा पैसा मागितला. ती मागणी आपल्याकडे पटते, पण लगेच कोणीतरी म्हणतो, "एका घरात कसले माझे-तुझे?" हे वाक्य मीही म्हटलेले आहे. आज मागे वळून पाहता लक्षात येते, की ते म्हणताना मी नेहमी आरामखुर्चीत बसलेलो असे.

हे सारे शहाणपण मला खुर्चीत बसून सुचलेले नाही. एका संध्याकाळी पाणी घ्यावयास आत गेलो, तर ही स्टुलावर चढून, सुई ट्यूबलाइटपाशी धरून दोरा ओवीत होती. दोन वेळा चुकला. तिने मला पाहिले नाही. ती काही बोलली असती तर मी वाद घातला असता, आणि बहुधा जिंकलोही असतो.

दुसऱ्या दिवशी मी मशीन खिडकीपाशी नेऊ लागलो. "आता कशाला?" ती म्हणाली. "तुमचा तो दगड कुठं जाईल?" दगड, दौत, चष्मा दाराजवळच्या भिंतीवर गेले. तिथे उजेड कमी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपला माझ्या खुर्चीखाली येतात. मला त्याचा राग येत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

मशीन ठेवताना त्याचा डाव्या हाताचा खण अर्धवट उघडला. मी तो लोटू लागलो, तशी ती पटकन म्हणाली, "अहो, त्या खणाला हात लावू नका." आवाजात राग नव्हता. मी हात काढून घेतला. मशीन आमच्या घरात लग्नापासून आहे. त्या खणात काय आहे, मला ठाऊक नाही.