विषयांतर

'हा आजचा विषय नव्हे, खाली बसा' असे अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणायला फारसे धैर्य लागत नाही. घंटी हाताशी असते, वेळ थोडा असतो आणि बहुतेकांना घरची ओढ लागलेली असते. पण ज्याला उद्देशून हे म्हटले जाते, त्याचा प्रश्न त्या दिवसापुरता, आणि पुष्कळदा कायमचाच, मिटवला जातो. म्हणून व्यवसायबंधूंच्या सभेत विषयांतर कशाला म्हणावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न मला केवळ सभेच्या शिस्तीचा वाटत नाही. तो नीतीचा आहे.

शिस्तीची बाजू आधी पाहू. आमच्या शिक्षकांच्या बैठकीला कोणी उटनूरहून येतो, कोणी नारनूरहून. परतीची बस चुकली की त्याचे हाल. चर्चा दहावीच्या निकालाची चाललेली असताना एखादे गुरुजी बदल्या, भत्ते आणि पुतण्याची नोकरी असे हिंडत राहिले, तर ते चाळीस जणांचा वेळ खर्च करीत असतात, आणि तो त्यांच्या मालकीचा नसतो. नमनालाच घडाभर तेल ओतणाऱ्याला आवरणे हे अध्यक्षाचे कर्तव्यच होय. लोकसभेच्या नियमावलीतील 356वा नियमही वारंवार अप्रस्तुत बोलणाऱ्या सदस्याला थांबवण्याचा अधिकार अध्यक्षांना देतो.

पण सारी विषयांतरे एका जातीची नसतात. 1886 साली कलकत्त्याच्या अधिवेशनात दादाभाई नौरोजींनी राष्ट्रसभेने राजकीय प्रश्नांपुरतेच राहावे, अशी भूमिका मांडली. तर्क सरळ होता : चालीरीती जातीजातीच्या वेगळ्या, राजकीय गाऱ्हाणे मात्र सर्वांचे एक. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषद निघाली आणि ती राष्ट्रसभेच्याच मंडपात भरू लागली. विषय निराळा, पण छप्पर एक. 1895 साली पुण्यात टिळकपक्षाने हा मंडप देण्यास विरोध केला. वाद विकोपाला गेला आणि अखेर रानड्यांनी परिषद वेगळी भरवली. राष्ट्रसभेतील फूट टळली, हे खरेच. पण 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच मंडपाच्या वादाची आठवण दिली आणि सामाजिक प्रश्न मागे टाकून राजकीय सुधारणा कशी साधणार, असा प्रश्न केला. एकाला जे विषयांतर वाटते, तोच दुसऱ्याच्या जगण्याचा मुख्य विषय असतो.

आपल्या जिल्ह्याचा इतिहासही हेच सांगतो. 1940 साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारला गेला. निजाम सरकारपुढे प्रश्न होता जंगलाचा, जमिनीचा आणि शांततेचा. त्यानंतर गोंडांच्या अभ्यासासाठी आलेल्या हायमेंडॉर्फ यांच्या प्रयत्नाने 1943 मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. जमिनीच्या प्रश्नात बाराखडीचे काय काम, असे कोणालाही वाटावे. परंतु ज्याला कागद वाचता येत नाही, त्याची जमीन कागदावरच जाते. ती बाराखडी विषयाला सोडून नव्हती. ती विषयाच्या मुळाशी होती.

वाचकहो, हे आपणा सीमेवरच्या माणसांना अधिक कळावे. 1956 साली किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून मराठी शाळेला पाठ्यपुस्तके वेळेवर मिळावीत, एवढे म्हणायला आपण कुठे गेलो, तर तिथल्या विषयपत्रिकेत आपण बसत नाही. हैदराबादेला ती मुंबईची गोष्ट वाटते आणि मुंबईला हैदराबादची. विषयांतर ठरवले जाण्याचे दुःख आपल्या ओळखीचे आहे. मग आपल्याच बैठकीत निकालाची चर्चा चालू असताना एखादा गोंड शिक्षक उठून म्हणतो, 'पहिलीतल्या पोराला तुमची मराठीही कळत नाही आणि तेलुगूही', तेव्हा त्याला खाली बसवण्याआधी आपण क्षणभर थांबायला नको का?

यावर तोड आहे, आणि ती संसदेनेच दाखवली आहे. लोकसभेत प्रश्नोत्तरांचा तास बाराला संपला की सदस्य पूर्वसूचनेची मुदत न पाळता तातडीचे प्रश्न मांडू लागले. नियमावलीत नसलेली ही प्रथा 1960च्या दशकात रूढ झाली आणि 'शून्य प्रहर' म्हणून ओळखली जाऊ लागली. नियमही राहिला आणि माणसालाही वाट मिळाली. आमच्या बैठकीत शेवटची वीस मिनिटे अशीच मोकळी ठेवलेली असतात. विषयाबाहेरचा मुद्दा निघाला की तो वहीत बोलणाऱ्याच्या नावानिशी लिहायचा आणि वेळ अपुरा पडला तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिला घ्यायचा. पुतण्याची नोकरी वहीत लिहायची म्हटले की ती आपोआप गळते. गोंडीचा प्रश्न गळत नाही.

अध्यक्षाला 'आत्ता नको' म्हणण्याचा अधिकार अवश्य आहे. पण तसे म्हणणाऱ्याने 'मग केव्हा' हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. तारीख न देता थांबवणे ही शिस्त नव्हे. ती केवळ सोय आहे, आणि तीही बसलेल्यांची, उभ्या राहिलेल्याची नव्हे.