श्वासापुरतं थांबणं

खडकी म्हटलं की कुणाला ५ नोव्हेंबर १८१७ची लढाई आठवते, कुणाला दारूगोळ्याचा कारखाना. याच खडकीत १९७४ साली सुरू झालेलं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेले जवान तिथं राहतात. रक्षाबंधनाला शाळा-कॉलेजांची मुलं, महिला मंडळं राख्या आणि मिठाई घेऊन जातात. माया खरीच असते, पण बोलायची सुरुवात बहुधा एकाच प्रश्नाने होते: "हे कसं झालं?"

वाईट हेतूने कुणी विचारत नाही. तरी या प्रश्नामुळे समोरच्याला आपल्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसाकडे पुन्हा जावं लागतं. शिवाय विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं: सीमा, गोळी, शौर्य. प्रत्यक्षात जवानाचा मणका रस्त्यावरच्या अपघातातही मोडतो, उंचावरून पडूनही मोडतो. हे सांगताना त्याला संकोच का वाटावा?

मानेच्या मणक्याशी इजा झालेल्या माणसाचं बोलणं नीट ऐकलं, तर ऐकण्याबद्दल बरंच कळतं. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू काम करत नाहीत. श्वासाचा जवळजवळ सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. आवाज बारीक होतो. एका दमात चार-पाच शब्द निघतात, मग तो श्वास घ्यायला थांबतो. वाक्य संपलेलं नसतं. पण आपल्याला ते संपलंय असं वाटतं आणि आपण बोलायला लागतो. मदत म्हणून त्याचं वाक्य आपणच पुरं करतो, आणि त्याला म्हणायचं होतं ते राहूनच जातं.

या घाईचं मूळ आपल्या रोजच्या सवयीत आहे. २००९ साली दहा भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम एक पंचमांश सेकंद जातो, असं त्यात आढळलं. चित्रातल्या साध्या वस्तूचं नाव ओठांवर यायलाही अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. घरात, ऑफिसात हे खपून जातं, कारण दोन्ही बाजूंना सारखाच दम असतो. मला वाटतं, तिथंही बरंच काही निसटतं. फक्त कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. व्हीलचेअरवरच्या माणसाशी उभ्याने बोललं तर त्याला सारखी मान वर करावी लागते. खुर्ची ओढून समोर बसलं की नजर सरळ होते आणि आपलाही पाय लगेच निघत नाही.

मग बोलायचं कशावर? त्याच्या आजच्या दिवसावर. केंद्रातले काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, काही व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. "आभाळाला हा रंग का घेतलात?" या प्रश्नाचं उत्तर फक्त त्या चित्रकाराकडेच असतं. राखी बांधायला पन्नास जणांनी एकदा जाण्यापेक्षा चौघांनी पुन्हा पुन्हा जावं, असं मी आग्रहाने म्हणेन. कारण "मागच्या वेळी अर्धं राहिलेलं चित्र झालं का?" हे दुसऱ्या खेपेलाच विचारता येतं.